अक्षरं संध्याकाळीच का गळतात?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. वय वर्षं ६२. आईने लिहून ठेवलेल्या तीन वह्या संगणकावर उतरवून घेते आहे. इन्स्क्रिप्ट या मराठी कळांच्या मांडणीने टाइप करते, बोटं आता बऱ्यापैकी बसली आहेत. टेबलावर वायरचा गुंता नको म्हणून मुलीने महिन्यापूर्वी वायरलेस कीबोर्ड आणि माउस आणून दिला. सकाळी काम छान होतं. संध्याकाळी मात्र ‘शक्ती’चं ‘शकती’ होतं, ‘प्रश्न’चं ‘प्रशन’ होतं. मधूनच एखादं अक्षर ओळभर उमटत जातं. माउसचा बाणही अडखळतो. सेल दोनदा बदलले, फरक नाही. संध्याकाळी बसताना मी बाहेरची हार्ड डिस्क आधी जोडते, कारण दिवसाचं काम तिच्यावर उतरवल्याशिवाय मला झोप येत नाही. जावई म्हणतात, दमल्यामुळे तुमच्याच बोटांकडून सुटत असेल. मलाही तसंच वाटायला लागलं आहे.

आणखी दोन गोष्टी. कधीकधी सकाळी पासवर्डच्या चौकटीत काही केल्या काही उमटत नाही. आणि खोक्यावर ब्लूटूथ असंही छापलं आहे, मग तो नखाएवढा तुकडा सीपीयूला कशाला लावायचा? शेजारच्या मुलाने सांगितलं की वायरलेस कीबोर्डवर टाइप केलेलं हवेतून चोरता येतं. हे खरं का? हा संच परत करून टाकू का?
— तुमच्या काकूच्या वयाची एक वाचक

उत्तर

काकू, नमस्कार. सगळ्यात आधी बोटांचं बोलू, कारण पत्रातली ती ओळ वाचून मला वाईट वाटलं. तुमची बोटं चुकत नाहीत. तुम्हीच पाठवलेल्या उदाहरणांत त्याचा पुरावा आहे.

इन्स्क्रिप्टमध्ये ‘शक्ती’ लिहायला पाच कळा लागतात: श, क, हलंत (अक्षराचा पाय मोडणारी खूण), त आणि दीर्घ वेलांटी. यातली नेमकी मधली, हलंताची कळ पोचली नाही की ‘शकती’ होतं. ‘प्रश्न’ला सहा कळा लागतात आणि त्यात हलंत दोनदा येतो. तुमचा पहिला हलंत पोचला, दुसरा वाटेत गळाला, म्हणून ‘प्रशन’. दमलेलं बोट चुकतं तेव्हा ते सहसा शेजारच्या कळेवर पडतं आणि भलतंच अक्षर उमटतं. तुमच्याकडे भलतं अक्षर एकही नाही. आहे ते बरोबर आहे आणि मधलं एखादं नुसतं नाहीसं झालं आहे. शिवाय वेलांट्या, मात्रा आणि साधी अक्षरंही गळत असणारच, पण हलंत गेला की जोडाक्षर मोडतं आणि ते चटकन डोळ्यांत खुपतं, म्हणून तुम्हाला तीच उदाहरणं आठवली.

ओळभर उमटत जाणाऱ्या अक्षराचं कारणही हेच आहे. कळ दाबली की कीबोर्ड एक निरोप पाठवतो, ‘दाबली’. बोट उचललं की दुसरा पाठवतो, ‘सोडली’. दुसरा निरोप हरवला तर संगणकाला वाटतं की कळ अजून दाबलेलीच आहे, आणि तो ‘क क क क’ करत सुटतो. म्हणजे अक्षर गळणं, अक्षर अडकणं आणि बाण अडखळणं या तीन तक्रारी वेगवेगळ्या नाहीत. कीबोर्ड आणि माउस यांचे निरोप संगणकापर्यंत नीट पोचत नाहीत, एवढी एकच गोष्ट तीन रूपांत दिसते आहे.

मग ते सकाळी पोचतात आणि संध्याकाळी का नाही? संध्याकाळी वेगळं काय घडतं, ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. तुम्ही हार्ड डिस्क जोडता.

तो नखाएवढा तुकडा, म्हणजे रिसीव्हर, बहुतेक जण त्याला डोंगल म्हणतात, तो रेडिओ-लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात ऐकत बसलेला असतो. कीबोर्डचा आवाज फार बारीक असतो. दोन पेन्सिल सेलवर त्याला महिनोन्‌महिने चालायचं असतं, त्यामुळे तो जोरात बोलूच शकत नाही. आता तुमची हार्ड डिस्क बघा. आजकालच्या बाहेरच्या डिस्क यूएसबी ३ च्या असतात आणि सेकंदाला ५ अब्ज बिट या वेगाने त्यांच्या वायरीतून माहिती धावते. या वेगाने धावणाऱ्या माहितीचा रेडिओ-गोंगाट वायरीतून, खाचेतून आणि डिस्कच्या डबीतूनही बाहेर झिरपतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेल कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये या विषयावर तांत्रिक टिपणच प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३ ची डिस्क जोडल्यावर तिच्या आसपास या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढलेला त्यात दाखवला आहे. २० डेसिबल म्हणजे ताकदीच्या हिशेबात शंभरपट. चालू मिक्सरशेजारी उभं राहून कुणी कानात कुजबुजलं तर काही शब्द कळतील, काही जातील. तुमच्या डोंगलची संध्याकाळी हीच गत होते.

माझा अंदाज आहे की तुमच्या सीपीयूच्या पुढच्या बाजूला दोन यूएसबी खाचा शेजारीशेजारी आहेत, आतली जीभ निळी, म्हणजे यूएसबी ३ ची, आहे, एकीत डोंगल कायमचं बसलेलं असतं आणि दुसरीत तुम्ही रोज संध्याकाळी डिस्क खुपसता. दोघांत अंतर किती? बोटभर. वाकायला नको म्हणून सगळेच असं करतात. पुढची खाच हाताशी असते.

हे मी इतक्या खात्रीने सांगते कारण मी स्वतः यात पोळले आहे. एका ध्वनिमुद्रणाचं लेखन करून द्यायचं होतं. मुद्रण बाहेरच्या डिस्कवर, कानाला हेडफोन, आणि हाताखाली नवाकोरा वायरलेस कीबोर्ड. ओळीला दोन-तीन अक्षरं गायब. मी तो संच परत केला, वेगळ्या कंपनीचा आणला. तोही तसाच. तेव्हा संगणकातच बिघाड आहे असं ठरवून मी दोन रात्री सगळं काही काढून परत बसवण्यात घालवल्या. शेवटी एकदा डिस्कची वायर पायाला लागून निसटली, ध्वनिमुद्रण बंद पडलं, आणि ते थांबल्याचं लक्षात न येता मी वाक्य पूर्ण केलं. ते वाक्य अक्षरन्‌अक्षर बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी डोंगल डिस्कपासून हातभर लांब नेलं आणि त्यानंतर तो त्रास झाला नाही. परत केलेला पहिला संचही बहुधा ठणठणीत असणार. तुमच्या बाबतीत ही वेळ येऊ नये म्हणून आधी परीक्षा, मग बाकीचं.

आज संध्याकाळी एवढं करा. कोरी फाइल उघडा आणि ‘शक्ती, भक्ती, विद्या, स्वप्न, प्रश्न’ ही ओळ तुमच्या नेहमीच्या वेगाने दहा वेळा टाइप करा. पहिल्या खेपेला डिस्क जोडू नका. चुका मोजून कागदावर लिहा. मग डिस्क नेहमीच्या जागी जोडा, एखादा मोठा फोल्डर तिच्यावर उतरवायला लावा आणि तो उतरत असतानाच तीच ओळ पुन्हा दहा वेळा टाइप करा. पुन्हा मोजा. तिसऱ्या खेपेला डिस्क पुढून काढून सीपीयूच्या मागच्या बाजूला लावा, डोंगल पुढेच राहू द्या, आणि तेच करा. डिस्क ओढून काढायची नाही, आधी खालच्या पट्टीतून ‘इजेक्ट’ म्हणायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वह्यांचं काम तिच्यावर आहे म्हणून आठवण करून देते. ही परीक्षा घाईत नको. हळू टाइप केलंत तर गळती लपते, कारण निरोप पोचला नाही तर कीबोर्ड तो पुन्हा पाठवून बघतो आणि हळू लिहिताना त्याला त्यासाठी वेळ मिळतो.

पहिल्या खेपेला चुका जवळजवळ नसतील, दुसऱ्या खेपेला भरपूर आणि तिसऱ्या खेपेला खूप कमी, असं दिसलं तर रोग सापडला. उपाय म्हणजे एक मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. एका टोकाला खुंटी आणि दुसऱ्या टोकाला खाच असलेली, साधी यूएसबी २ ची पुरते. कीबोर्ड आणि माउसची माहिती इतकी थोडी असते की महागड्या केबलने काही जास्त मिळत नाही. केबलची खुंटी सीपीयूच्या मागे काळ्या किंवा पांढऱ्या जिभेच्या खाचेत लावा. त्या बहुतेक करून यूएसबी २ च्या असतात. दुसरं टोक टेबलावर वर आणा आणि त्यात डोंगल बसवा. ते मॉनिटरच्या पायाशी, कीबोर्डपासून हात-दीड हातावर, मोकळं दिसेल असं ठेवा. डिस्क आणि तिची वायर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

केबल येईपर्यंत डोंगल नुसतंच मागच्या खाचेत हलवावं का? हलवून बघा, पण फार आशा ठेवू नका. मागे गेलं की डोंगल आणि कीबोर्ड यांच्यामध्ये सीपीयूचा आख्खा पत्र्याचा डबा येतो, आणि पत्र्यातून या लहरी जात नाहीत. खोक्यावर १० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेतलं. टेबल लोखंडी असेल, सीपीयू खाली पायांशी असेल, तर दोन मीटरही जड जातात. माणसाचं शरीरही या लहरी शोषतं, त्यामुळे सीपीयू आणि कीबोर्ड यांच्यामध्ये तुमचे गुडघे येत असतील तर तेही आड येतात. तोवर डोंगल पुढे आणि डिस्क मागे, ही तात्पुरती सोय बरी.

डिस्क न जोडताही संध्याकाळी अक्षरं गळत असली तर मात्र संशय दुसरीकडे न्यावा लागेल. घरातला वायफायचा राउटर याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो आणि संध्याकाळी घरातले सगळे फोन एकदम जागे होतात. राउटर सीपीयूला खेटून ठेवला असेल तर तो आधी लांब करा. बहुतेक नव्या राउटरना ५ गिगाहर्ट्झचा वेगळा पट्टाही असतो. फोन आणि संगणक त्यावर नेले की कीबोर्डला वाट मोकळी मिळते. हे काम मुलीला दहा मिनिटांचं आहे.

आणखी एक शक्यता तपासून टाका. विंडोजमध्ये उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ‘फिल्टर कीज’ नावाची सोय सुरू करायची का, असं विचारणारी चौकट येते. त्या नादात एन्टर दाबलं गेलं तर ती सुरू होते. मग झटपट दाबलेल्या कळा संगणक मुद्दाम दुर्लक्षित करतो. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ती सोय आहे आणि त्यांना ती फार उपयोगी पडते. इन्स्क्रिप्टमध्ये श, भ, ख, घ अशा कितीतरी अक्षरांना शिफ्ट लागते, त्यामुळे पुढचा शब्द आठवेपर्यंत बोट शिफ्टवर टेकून राहतं. मराठी टाइप करणाऱ्यांच्या बाबतीत हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे ‘फिल्टर कीज’ बंद आहे ना, एवढं बघा. तुमचा त्रास फक्त संध्याकाळचा आहे आणि अक्षरं ओळभर उमटतातही, म्हणून मला तसं वाटत नाही, पण बघायला अर्धं मिनिट लागतं.

आता ब्लूटूथचं. तुमच्या संचाला दोन वाटा आहेत आणि एका वेळी त्यातली एकच वापरायची. डोंगलची वाट सोपी, कारण कीबोर्ड, माउस आणि डोंगल यांची ओळख कारखान्यातच करून दिलेली असते. डोंगल खाचेत घातलं, कीबोर्डच्या कडेचं किंवा पोटाखालचं बटण सुरू केलं, सेलच्या खाचेतली प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढली, की झालं. संगणकाला तर वायरलेस वगैरे काही कळतही नाही. त्याच्या दृष्टीने खाचेत एक साधा यूएसबी कीबोर्ड आणि एक साधा माउस जोडलेला आहे. म्हणूनच विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावरही, जिथे बायोसच्या, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत काही बदलावं लागतं, तिथेही डोंगलचा कीबोर्ड बहुतेक वेळा चालतो.

ब्लूटूथमध्ये ओळख तुम्हाला करून द्यावी लागते. कीबोर्डवरचं ब्लूटूथचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडून नवं साधन जोडायला सांगायचं, यादीत कीबोर्डचं नाव आलं की त्यावर टिचकी मारायची. बऱ्याचदा पडद्यावर सहा आकडे येतात. इथे लोक फसतात. ते आकडे पडद्यावरच्या चौकटीत नव्हे, तर जो कीबोर्ड जोडायचा आहे त्याच्यावर टाइप करून एन्टर दाबायचं असतं. टाइप करताना पडद्यावर काही दिसलं नाही तरी थांबू नका. माउसला आकडे लागत नाहीत. जोडलेलं साधन पुढे कधी अडून बसलं तर त्याच यादीतून ते काढून टाकायचं आणि पहिल्यापासून ओळख करून द्यायची. नुसतं बंद-चालू करण्यापेक्षा याने लवकर सुटतं.

ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झमध्येच असतं. ते पट्ट्याचे लहान लहान भाग करून, जुन्या पद्धतीत ७९ आणि कमी विजेवर चालणाऱ्या नव्या पद्धतीत ४०, त्यांवर सतत उड्या मारत राहतं आणि गजबजलेले भाग टाळतं. त्यामुळे गर्दीत ते बरं टिकतं. पण टेबलावरच्या संगणकात ब्लूटूथ असेलच असं नाही, आणि असलं तरी विंडोज पूर्ण जागं होईपर्यंत ते बहुधा झोपलेलं असतं. एकाच कीबोर्डवरून टॅबलेटवरही लिहायचं असेल तर ब्लूटूथला तोड नाही. तुमचं सगळं काम एकाच संगणकावर आहे. तुम्ही डोंगलच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळच्या पासवर्डकडे येऊ. ‘काहीच उमटत नाही’ यात मला दोन शक्यता दिसतात. तुमचा पासवर्ड आकड्यांचा असेल आणि तुम्ही तो उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनातून घालत असाल, तर नम लॉक बंद असताना तिथून एकही आकडा उमटत नाही. वायरच्या कीबोर्डवर नम लॉकचा दिवा असतो, त्यामुळे लगेच कळतं. वायरलेस कीबोर्डवर सेल वाचावेत म्हणून तो दिवा पुष्कळदा नसतोच. तेव्हा नम लॉक एकदा दाबून पाहा, किंवा वरच्या ओळीतले आकडे वापरा. वरच्या ओळीतूनही काही उमटलं नाही, तर दुसरी शक्यता: संगणकाने वीज वाचवायला ती खाचच झोपवून ठेवली आहे. डोंगल काढून परत लावलं की तात्पुरतं चालू होतं. कायमचं करायचं तर विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. सगळ्यात खालच्या बाजूला यूएसबीचा गट आहे, त्यात ‘यूएसबी रूट हब’ अशा नावाच्या ओळी असतात. एकेकीवर दोनदा टिचकी मारा, ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे साधन बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका.

आणि जर ठिपके उमटतात पण पासवर्ड चूक आहे असं येतं, तर तो वायरलेसचा प्रश्नच नाही. भाषा मराठीवर राहिलेली असते. त्याच पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते, तिथून इंग्रजी करा. शेजारीच ॲक्सेसिबिलिटीचं माणसाच्या आकृतीचं चिन्ह असतं. कीबोर्ड रुसलाच तर तिथून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो आणि माउसने एकेक अक्षर निवडून आत जाता येतं. तुमचा जुना वायरचा कीबोर्ड मात्र टाकू नका, कपाटात असू द्या. तो लावूनही अक्षरं गळली तर दोष हवेत नाही, संगणकात आहे, हे पाच मिनिटांत कळतं. तपासणीचं याहून चांगलं साधन नाही.

सेल दोनदा बदललेत म्हणजे तिथे शंका नाही, तरी एक सांगते. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. कमजोर सेलवर ताण येतो आणि तो पाझरतो. माझा एक कीबोर्ड असाच गेला असता. काही महिने कपाटात पडला होता, उघडला तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी. अल्कलाइन सेलमधून जे पाझरतं ते दाहक असतं, उघड्या बोटांनी ते पुसू नये. हातमोजा घालून, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून मी ती स्प्रिंग घासली, मग कोरड्या कापडाने पुसली आणि दिवसभर वाळू दिली. कीबोर्ड वाचला. पुन्हा पुन्हा चार्ज करायचे सेल वापरलेत तर तेही चालतात, फक्त त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, म्हणून सेल उतरल्याची सूचना जरा लवकर येते. तिने घाबरून जाऊ नका.

माउस फक्त संध्याकाळी अडखळतो म्हणून त्याचा उपाय वरचाच. एरवीही बाण उड्या मारायला लागला तर टेबलाच्या पृष्ठभागाकडे बघा. माउसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो, तो सेकंदाला हजाराहून जास्त वेळा खालच्या जागेचं चित्र घेतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ओळखतो. काचेवर किंवा चकचकीत लॅमिनेशनवर त्याला ओळखायला काही सापडत नाही. खाली साधा कागद ठेवला तरी काम होतं.

शेजारच्या मुलाने सांगितलं ते हवेतलं नाही. २०१६ साली बॅस्टिल या सुरक्षा-संशोधन करणाऱ्या कंपनीने दोन गोष्टी उघडकीला आणल्या. फेब्रुवारीत त्यांनी दाखवलं की सात कंपन्यांच्या काही वायरलेस संचांची डोंगलं माउसच्या नावाने आलेले खोटे निरोप स्वीकारतात आणि दूर बसलेला माणूस तुमच्या संगणकावर कळा दाबू शकतो. जुलैत त्यांनी असे काही स्वस्त कीबोर्ड दाखवले जे प्रत्येक कळ उघड्यावर, काहीही कुलूप न लावता पाठवत होते. तेव्हा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एन्क्रिप्शन’ (म्हणजे निरोपाला लावलेलं कुलूप) किंवा ‘एईएस १२८’ (त्याच कुलपाचा एक प्रकार) असं लिहिलं आहे का ते बघा. असेल तर तुमच्या वह्या आणि तुमचे पासवर्ड दोन्ही नेहमीच्या वापरात सुरक्षित आहेत. कुठेच उल्लेख नसेल, तर वह्यांचं काम खुशाल करा, पण बँकेचे व्यवहार त्या जुन्या वायरच्या कीबोर्डवरून करा. आणि डोंगलसाठी कंपनीने सुधारित फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारी आज्ञावली, दिलं असेल तर मुलीकडून ते चढवून घ्या.

राहिला परत करण्याचा प्रश्न. आत्ता नको. आधी तीन खेपांची परीक्षा, मग केबल. केबल लावूनही अक्षरं गळली तर संच दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून तीच ओळ दहा वेळा टाइप करा. तिथेही गळली तरच दोष संचाचा, आणि मग बेधडक परत करा. परत करताना डोंगल बरोबर द्यायला विसरू नका, सीपीयूला तसंच राहून जातं ते. बहुतेक संचांचं डोंगल त्यांच्यापुरतंच असतं, दुसरं कुठलंही चालत नाही. लॉजिटेकसारख्या कंपनीची काही डोंगलं एका वेळी सहा साधनं सांभाळतात, पण त्यांच्यातही २००९ चं युनिफाइंग आणि २०२१ चं बोल्ट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. संच ठेवलात तर प्रवासाला किंवा आवराआवरीला डोंगल काढाल तेव्हा माउसचं झाकण उघडून पाहा, सेलच्या शेजारी ते ठेवायला बहुतेक एक बारीक कप्पा असतो.

तिन्ही खेपांचे चुकांचे आकडे मला कळवा. आणि तो कागद जावईबापूंनाही दाखवा.